‘सॅटेलाईट चार्ज’ म्हणून पैसे उकळले आणि हेल्मेटही कोरून ठेवलं, नाशिकच्या रायडर लोकांनी वाचाच

नाशिकमध्ये बाईकला जीपीएस आणि हेल्मेटमध्ये ऑडिओ बसवून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण जे जे केलं गेलं ते सगळं सांगतो.

माझ्याकडे हिमालयन बाईक आहे. फोन हँडलला लावला की उन्हात तापून बंद पडतो, पेठ-सुरगाणा साइडला रेंज जाते, म्हणून वेगळं युनिट पाहिजे होतं आणि कुठे वळायचं ते कानात ऐकू यायला पाहिजे होतं म्हणजे घाटात स्क्रीनकडे बघावं लागत नाही. दुकानदार एकदम गोड बोलणारा, ‘दादा टेन्शनच घेऊ नका, पूर्ण वॉटरप्रूफ आहे, आयपी ६७, आणि इस्रोच्या सॅटेलाईटला रजिस्टर करून देतो.’ युनिटचे ९,५००, फिटिंग आणि ऑडिओचे ४,०००, ‘लाइफटाइम मॅप लायसन्स’चे १,२०० आणि सॅटेलाईट चार्ज वर्षाला १,५००, असे एकूण १६,२०० घेतले.

आता हा सॅटेलाईट चार्ज. असा चार्ज जगात कुठेच नाही हो! जीपीएस अमेरिकेची सिस्टीम आहे, आपलं युनिट वरून येणारा सिग्नल फक्त ऐकतं, परत काही पाठवत नाही, त्यामुळे कोण ऐकतंय हे सॅटेलाईटला कळतसुद्धा नाही मग रजिस्ट्रेशन कसलं? पूर्वी सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम थोडा चुकवलेला असायचा, तेही मे २००० मध्ये बंद केलं. इस्रोच्या नाविकची, म्हणजे आपल्या देशी जीपीएसची, सर्वसामान्यांसाठीची सेवाही फुकटच आहे. पैसे लागतात ते सिमकार्ड असलेल्या ट्रॅकरला, म्हणजे ट्रक-बसला गाडी कुठे आहे हे मालकाला कळायला लावतात तो, कारण त्याला डेटा लागतो. दुकानदार मुद्दाम हे दोन्ही एकच असल्यासारखं बोलतो. आणि त्या लायसन्सवाल्या मॅपच्या माहितीच्या पानावर बारीक अक्षरात ओपनस्ट्रीटमॅप लिहिलेलं निघालं, जो कोणीही फुकट डाउनलोड करू शकतो. तो विकायला बंदी नाही, पण खास इंडियाचं लायसन्स म्हणून १,२०० घेणं ही सरळ लबाडी आहे.

ऑडिओचं तर विचारूच नका. ब्लूटूथ सांगितलं होतं, प्रत्यक्षात युनिटच्या जॅकमधून वायर काढून सीटखाली एक छोटा अँप्लिफायर टाकला आणि तिथून हेल्मेटला वायर. गाडी चालू केली की कानात कुंईईई आवाज, रेस दिली की आणखी वाढतो, त्यात बाईचा आवाज ‘डावीकडे वळा’ म्हणते की उजवीकडे तेच कळेना. परत गेलो तर म्हणे इंजिनचा आवाज आहे दादा, सगळ्यांनाच येतो, १,८०० चा फिल्टर टाका. तो मी टाकला नाही. कारण नंतर समजलं, युनिटची अर्थ (अर्थिंगची वायर) हँडलजवळ चॅसीला आणि अँप्लिफायरची डायरेक्ट बॅटरीला दिली होती. अर्थ दोन वेगळ्या जागी आणि मध्ये ऑडिओची वायर, म्हणजे चार्जिंगचा सगळा आवाज त्या वायरमधून कानात येणारच. दोन्ही अर्थ एका जागी आणल्या तरी बराच फरक पडतो, आणि खरंच ब्लूटूथ असतं तर ही वायरच नसती.

त्यानंतर गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी उतरायला लागली. सातपूरला एक जुने वायरमन काका आहेत त्यांच्याकडे टाकी काढली. काका बघतच राहिले, म्हणाले, ‘भाऊ, याला फ्यूजच नाही कुठे.’ बॅटरीच्या प्लसवरून बारीक वायर थेट वर नेलेली, जोड नुसता पिळून टेप मारलेला, आणि हँडल वळतं तिथे वायर घासून तांबं दिसायला लागलं होतं, तेही पेट्रोलच्या टाकीखाली. तिथे शॉर्ट झालं असतं तर काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. अँप्लिफायर चावी बंद केल्यावरही चालूच राहायचा. ०.२ अँपिअर जरी ओढत असला तरी दिवसाला जवळपास ५ अँपिअर-अवर गेले, आणि आपली बॅटरी साधारण ८ ची. काकांनी बॅटरीच्या अगदी जवळ ३ अँपिअरचा फ्यूज टाकला, रिले, म्हणजे चावीबरोबर चालू-बंद होणारा स्विच, टाकून लाईन चावीवर घेतली, जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. खरं तर हे सगळं फिटिंगच्या पैशातच यायला पाहिजे होतं.

युनिटसुद्धा कारचंच निघालं. मागच्या पोर्टवर सिलिकॉन फासलेलं, वणीच्या पुढे सापुताऱ्याला चढताना पाऊस लागला आणि स्क्रीनच्या आत पाणी. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकलं पाहिजे, हे साध्या पावसात गेलं.

पण मला सगळ्यात जास्त राग हेल्मेटचा आहे. वायर आत घ्यायला मागून शेलला भोक पाडलं, ‘कंपनीतही असंच करतात’ म्हणाला, आणि स्पीकर बसावा म्हणून कानाजवळचं थर्माकोल कोरून काढलं, वरून अस्तर इतकं नीट लावलं की दिसूच नये. डोकं आपटल्यावर मार खातो तो थर्माकोलचाच थर. असं कोरलेलं हेल्मेट आयएस ४१५१ चा, म्हणजे हेल्मेटच्या भारतीय मानकाचा, शिक्का असला तरी भरवशाचं राहत नाही. बऱ्याच चांगल्या हेल्मेटमध्ये स्पीकरसाठी खळगा आधीच असतो, वायर अस्तराच्या कडेने जाते, भोक लागतच नाही. तुमचं हेल्मेट कोणाकडून असं करून घेतलं असेल तर आजच अस्तर काढून आत बघा.

बिल मागितलं तर कच्चं दिलं. त्यावरचा १५ अक्षरी जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. पैसे यूपीआयने दिले होते ते बरं झालं, पुरावा राहिला. काकांनी टाकी काढली तेव्हाचे वायरिंगचे फोटोही आहेत. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली, दुकानदार दाद देत नाही म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. ज्यांच्याकडून नाशिकमध्ये सॅटेलाईट चार्ज घेतला असेल त्यांनी ती पावती किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा, एकाच दुकानाविरुद्ध एकसारखी तक्रार असली तर आयोगाच्या परवानगीने एकत्र दाखल करता येते.