जादा आणि अपुऱ्या तासांच्या हिशेबासाठी एक्सेल: एक परीक्षण

कर्मचाऱ्याने ठरलेल्या वेळेपेक्षा किती तास अधिक किंवा कमी भरले, याचा हिशेब ठेवणाऱ्या स्वतंत्र प्रणाली उपलब्ध असल्या, तरी अनेक छोट्या कार्यालयांत हे काम मायक्रोसॉफ्ट एक्सेलवरच चालते. या एका कामापुरता विचार केला, तर जादा तास मांडण्यात एक्सेल तरबेज आहे; कमी तासांशी मात्र त्याचे मुळातच जमत नाही.

याचे कारण एक्सेल वेळ कशी साठवते यात आहे. पूर्ण दिवस म्हणजे 1 आणि दुपारचे बारा म्हणजे 0.5, अशा आकड्यांत ती साठवली जाते आणि नेहमीच्या, 1900 पासून मोजल्या जाणाऱ्या दिनांक-पद्धतीत उणे वेळ दाखवण्याची सोयच नाही. आठ तास अपेक्षित असताना सातच भरले, तर फरकाच्या सेलमध्ये नुसती हॅश चिन्हांची रांग उमटते. सेटिंगमध्ये 1904 ची पद्धत निवडल्यास उणे वेळ दिसू लागते, परंतु त्या फाइलमध्ये आधी भरलेल्या तारखा 1,462 दिवसांनी पुढे सरकतात, त्यामुळे हा उपाय फक्त कोऱ्या फाइलसाठी योग्य आहे. त्यापेक्षा फरकाला 24 ने गुणून तो दशांश तासांत मांडणे अधिक सुरक्षित; मात्र तेव्हा साडेसात तास 7.5 असे लिहिले जातात, आणि जो सवयीने 7.30 लिहील, तो त्या दिवशी बारा मिनिटे गमावेल.

इतर अडचणी किरकोळ आहेत. आठवड्याची बेरीज 42 तास 30 मिनिटे असताना साध्या फॉरमॅटमध्ये 18:30 दिसते, परंतु तासाच्या अक्षराभोवती चौकोनी कंस घातले की पूर्ण बेरीज दिसते. रात्रपाळीची वजाबाकी मध्यरात्रीमुळे उणे येते, ती ‘मॉड’ या फंक्शनने सरळ होते.

खरी कसोटी लागते ती अपेक्षित तासांची. भरलेले तास घड्याळ सांगते, अपेक्षित तास कोणीतरी ठरवावे लागतात. बहुतेक तयार टेम्प्लेटमध्ये एका सेलमध्ये 8 लिहून त्याला कामाच्या दिवसांनी गुणलेले असते. महिन्याच्या मध्यावर एखादी व्यक्ती आठवड्याला 40 तासांवरून 30 तासांवर आली, किंवा तिचा आठवड्यातील एक दिवस अर्धवेळ असला, की ही मांडणी कोलमडते. साप्ताहिक सुट्ट्या आणि सुट्ट्यांची यादी विचारात घेणारे फंक्शन एक्सेलमध्ये आहे, पण ते दिवस मोजते, तास नव्हे. म्हणून प्रत्येकाचे वारनिहाय तास आणि ते कोणत्या तारखेपासून लागू आहेत, हे वेगळ्या तक्त्यात ठेवून तेथूनच उचलावेत. एक्सेलची लवचीकता येथे खरोखर उपयोगी पडते. रजेच्या दिवशी अपेक्षित तास शून्य धरले काय किंवा आठ तास भरले असे मानले काय, शिल्लक तीच येते. भरलेल्या तासांची एकूण बेरीज मात्र बदलते, त्यामुळे दोन्हींपैकी एकच पद्धत सर्वांना लावणे आवश्यक आहे.

एकाच ‘शिल्लक तास’ रकान्यावर विसंबणे धोक्याचे आहे. सोमवारी दहा आणि मंगळवारी सहा तास भरले, तर शिल्लक शून्य येते. तथापि जेथे दैनंदिन मर्यादा लागू आहे, तेथे सोमवारचे दोन तास ओव्हरटाइम ठरू शकतात आणि मंगळवारच्या तुटीमुळे ते पुसले जात नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1919 च्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास, अशा दोन्ही मर्यादा होत्या. दैनिक आणि साप्ताहिक जादा तासांचे रकाने म्हणूनच वेगळे हवेत, आणि तोच तास दोनदा मोजला जाणार नाही, याची सोय सूत्रात असावी.

नोंदवही म्हणून मात्र मी एक्सेलला कमी गुण देईन. शीटला पासवर्ड लावला, तरी ती सुरक्षेची व्यवस्था नव्हे. चुकून होणारे बदल टाळण्यापुरताच तिचा उपयोग. क्लाउडवर ठेवलेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या पाहता येतात, परंतु एखादी वेळ का बदलली, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी दुरुस्तीचे कारण आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नाव लिहिण्याचे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत, आणि महिनाअखेरीस गोठवलेली प्रत पगार निघण्यापूर्वी त्या त्या कर्मचाऱ्याकडे पाठवावी.