गंगापूर रोडवरची नर्सरी: फुलांचं रोप नको, कळीचं घ्या

दिवाळीचा फराळ संपला की माझे पाय नाशिकच्या गंगापूर रोडकडे वळतात. तिथे नर्सऱ्या बऱ्याच आहेत, पण कुंडीतल्या हंगामी फुलांसाठी गेली ३ वर्षं मी एकाच ठिकाणी जाते. तिथले दादा रोप पिशवीतून काढून दाखवतात. माझ्या लेखी याहून मोठी गोष्ट नाही.

त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या एका नर्सरीतून फुलांनी लगडलेली १२ पेटुनिया आणली होती. घरी येईपर्यंत रिक्षावाल्यानेही कौतुक केलं. आठवड्यात फुलं गळाली आणि रोपं जी थबकली ती थबकलीच. शेवटी एक उपटून पाहिलं, तर मुळांनी पिशवीच्या तळाशी घट्ट चुंबळ केलेली. वरून एवढी फुलं, पण खाली पसरायला जागाच उरली नव्हती. फार वाईट वाटलं होतं.

म्हणून या नर्सरीत पहिल्यांदा गेले तेव्हा मी फुललेल्या ट्रेकडे हात केला, तर दादाच म्हणाले, "काकू, ते नका नेऊ. त्याचा बहर इथंच निम्मा झालाय. हे मागचं कळीवरचं न्या." त्यांनी बुंधा दोन बोटांत धरला, रोप उलटं केलं, बुडाला हलकी टिचकी मारली. मातीचा गोळा अख्खा हातात आला. त्यावर दोऱ्यासारखी पांढरी मुळं, वेटोळी कुठेच नाहीत. मग पान उलटून दाखवलं: मावा नाही, पांढरी माशी नाही. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी मूळ आणि पानाची खालची बाजू बघते, फुलाचा रंग मागाहून.

यंदा १० पेटुनिया, ६ डायन्थस आणि ४ पॅन्झी घेतल्या. पेटुनिया २५ रुपयांना एक, पॅन्झी ४० ला. पॅन्झी महाग वाटेल, पण निफाडला पारा पाच-सहावर उतरतो त्या दिवसांत आपल्याकडे ती जी खुलते, त्याला तोड नाही. मात्र ती नोव्हेंबरातच घ्या. जानेवारीअखेर घेतलेली पॅन्झी उन्हं तापायला लागली की लगेच मान टाकते, पैसे वाया जातात.

आता तक्रारी. कळीवर रोप घ्यायचं म्हणजे रंग दुकानदाराच्या शब्दावर. माझ्या १० मधल्या २ पांढऱ्या सांगितलेल्या पेटुनिया राणी रंगाच्या निघाल्या. ट्रेमध्ये एखादं रोप उमललेलं असतं, ते पाहून त्याच ट्रेमधली घ्यायची, एवढाच उपाय. दुसरं, त्यांची तयार माती मी पुन्हा घेणार नाही. जवळजवळ सगळं कोकोपीटच, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. एकदा सुकलं की पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच. मी घरी दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड असं कालवते. आपली नुसती काळी माती कुंडीत घालू नका, सुकल्यावर दगड होते.

माझी बाल्कनी इंदिरानगरला, पूर्वेची, सकाळपासून बारापर्यंत ऊन. १० इंची कुंडीत ३ पेटुनिया पुरतात. चौथं कोंबायचा मोह होतो, पण मग दाटीत हवा खेळत नाही आणि खालची पानं सडतात. लावल्यावर आठवड्याने शेंडे खुडले. कळीसकट शेंडा खुडायला जीव होत नाही हो, पण १५ दिवसांत त्याच ठिकाणी तीन-तीन फांद्या फुटल्या. सुकलेलं फूल काढतानाही नुसत्या पाकळ्या ओढू नका. खालची हिरवी गाठ राहिली तर तिथे बी धरतं आणि पुढची फुलं कमी होतात.

जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. रविवारी गर्दीत दादांना रोप काढून दाखवायला वेळ नसतो आणि चांगले ट्रे दुपारपर्यंत उचललेले असतात. घरून एक खोका न्या. त्यांच्या पातळ कॅरीबॅगमध्ये माझ्या डायन्थसच्या दोन फांद्या मोडल्या. उन्हाळ्यासाठीचं ऑफिस टाइम (पोर्टुलाका) मात्र तिथून विकत घेऊ नका. शेजारणीकडे असेल तर बोटभर काडी मागा आणि मातीत खोचा, लगेच मूळ धरते.