युरोपातल्या गाडीला वेटिंग लिस्ट नसते, हे मला ब्रनोच्या अलीकडे कळलं

प्रागहून व्हिएन्नाला निघालो होतो. पार्दुबित्से स्टेशन मागे पडलं आणि तिकीट तपासायला बाई आल्या. जावेने नुकताच चिवड्याचा डबा उघडला होता. मी ऐटीत फोल्डर पुढे केलं. चौघांचे चार रंगीत प्रिंटआउट, प्रत्येकावर नाव, पासपोर्ट नंबर, क्यूआर कोड. बाईंनी हातातलं यंत्र पहिल्या कोडवर धरलं, लाल दिवा लागला. दुसऱ्यावर धरलं, लाल. तिसरा, चौथा, तेच. मग त्यांनी कागद हातात घेऊन नीट वाचला आणि मला विचारलं, तुम्ही युरोपात राहता का? मी म्हटलं, नाही, नाशिकला. त्या म्हणाल्या, मग हा पास तुमच्याकडे कसा? आणि तो फोनमधल्या अॅपवर असतो, कागदावर नाही.

मी सहकारी बँकेत तीस वर्षं काढली आहेत. त्यातली निम्मी चेकवरच्या सह्या पडताळण्यात. माझ्या काउंटरवरून खोटी सही कधी पुढे गेली नाही. आणि इथे चार खोटे कागद मी स्वतः लॅमिनेट करायला निघाले होते, नवऱ्याने अडवलं म्हणून राहिलं.

हे मे २०२४ मधलं. आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ. प्रागला उतरायचं, चार रात्री तिथे, मग रेल्वेने व्हिएन्ना तीन रात्री, ब्रातिस्लाव्हा एक, बुडापेस्ट तीन, आणि बुडापेस्टहूनच परतीचं विमान. चार देश, तीन रेल्वेप्रवास. विमानाची तिकिटं भाच्याने काढून दिली होती. बाकीचं, म्हणजे हॉटेलं, व्हिसा, विमा आणि रेल्वे, आमच्याच भागातल्या एका टूरवाल्याकडे दिलं. आमच्या सोसायटीतल्या दोन कुटुंबांना त्याने अंदमान आणि चारधाम व्यवस्थित करून आणलं होतं. आपला माणूस, बोलायला गोड, घरी येऊन फाइल समजावून सांगणारा. इंटरनेटवर रिव्ह्यूही भरपूर, सगळे पाच तारे. त्या रिव्ह्यूंकडे मी पुढे येईनच.

त्याने आम्हाला नेमकं काय विकलं, हे मला फार उशिरा समजलं. त्याने आमचीच भीती आम्हाला विकली. आपण रेल्वे म्हटलं की मनात काय येतं? एकशेवीस दिवस आधी बुकिंग उघडणार (तेव्हा तो नियम होता), पहिल्या पाच मिनिटांत संपणार, मग आरएसी, मग वेटिंग, मग तत्काळ. तो म्हणाला, "काकू, मे महिना म्हणजे तिकडचा सीझन. पास आत्ता घेतला नाही तर चार तास बॅगेवर बसून जाल." दिरांना गुडघ्याचा त्रास. एवढं ऐकल्यावर आम्ही किंमत विचारायच्या आधीच हो म्हणून मोकळे. पहिल्या वर्गाचा पास, सगळ्या सीट कन्फर्म, माणशी ४१,५००.

आता खरी गोष्ट सांगते, जी मला व्हिएन्नाच्या हॉटेलात रात्री जागून नीट कळली. प्राग ते व्हिएन्ना रेलजेट गाडी धावते, साधारण चार तास, दिवसभर दर दोन तासांनी. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा तर तासाभराचा रस्ता, दोन देशांच्या राजधान्या आणि मध्ये जेमतेम साठ किलोमीटर. ब्रातिस्लाव्हा ते बुडापेस्ट अडीच तास. या तिन्ही टप्प्यांवर आम्ही ज्या गाड्यांनी गेलो त्यांत सीटचं आरक्षण सक्तीचं नाहीच. तिकीट घ्यायचं, चढायचं, सीटच्या वरच्या पाटीवर कुठून कुठपर्यंत राखीव ते दिसतं, जिथे काही दिसत नाही तिथे खुशाल बसायचं. गुडघेदुखी असेल तर जेमतेम तीन-चार युरो जास्त देऊन सीट राखून ठेवता येते. तिकिटं त्या त्या देशाच्या रेल्वेच्या साइटवर मिळतात, इंग्रजीत, आपलं कार्ड चालतं. आधी काढली तर स्वस्त. तिन्ही टप्पे मिळून माणशी पन्नास-साठ युरोंत आटोपलं असतं. आरक्षण सक्तीचं असतं ते फ्रान्सच्या टीजीव्हीला, युरोस्टारला, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांना, रात्रीच्या स्लीपरला. त्याने तिकडचं खरं उचलून आमच्या रस्त्यावर चिकटवलं होतं.

आणि पासचं म्हणाल तर तीन छोट्या प्रवासांना पास लागतोच कशाला? पास त्याला, जो आठ-दहा दिवस रोज लांब लांब फिरणार आहे. तरीही घ्यायचाच तर आपल्यासारख्यांसाठी युरेल पास असतो, १९५९ पासून आहे. इंटररेल हा वेगळा, १९७२ चा, तो युरोपात राहणाऱ्यांसाठी. आमच्या कागदावर ठळक अक्षरांत इंटररेल लिहिलेलं होतं. मी ते दहा वेळा वाचलं होतं. मला वाटलं, आंतर-रेल, म्हणजे देशादेशांतली रेल्वे, बरोबरच आहे की! त्याने कुठल्या तरी जुन्या नमुन्यावर आमची नावं टाकली होती, आणि नमुनासुद्धा चुकीच्या पासचा उचलला होता. चोरानेही एवढा आळस करू नये.

मोबाइल पासचा एक नंबर असतो. रेल प्लॅनर नावाच्या अॅपमध्ये तो नंबर आणि आडनाव टाकलं की पास आपल्या फोनवर येतो. मग त्या दिवशीची गाडी त्यात घालायची, दिवस चालू करायचा, तेव्हा कुठे तपासनीसाला दाखवायचा कोड तयार होतो. म्हणजे पास खरा की खोटा हे नाशिकमध्ये, सोफ्यावर बसून, दोन मिनिटांत कळलं असतं. हे त्याला माहीत होतं. म्हणूनच कागद देताना त्याने बजावलं होतं, "काकू, ते अॅप मात्र टाकू नका हं. पास दोन ठिकाणी उघडला की ब्लॉक होतो." मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. जाऊ अजून मधूनमधून ते वाक्य त्याच्या आवाजात म्हणून दाखवते.

गाडीत बाई सभ्य होत्या. आरडाओरडा नाही, पोलीस नाही. त्यांनी पूर्ण दराची चार तिकिटं दिली, अडीचशे युरोंच्या आसपास कार्डावरून गेले. ब्रनो आलं, गेलं, कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही. चिवडा तसाच उघडा.

टूरवाल्याला व्हॉट्सअॅप कॉल केला तर लगेच उचलला. हेच वाईट होतं. फोन बंद लागला असता तर आम्ही तिथेच सावध झालो असतो. म्हणाला, सर्व्हरचा प्रॉब्लेम, बाई नवीन असतील, पैसे परत मिळतील, पावती जपून ठेवा, पुढची तिकिटं मी आत्ता साधी काढून पाठवतो. तासाभरात व्हिएन्ना-ब्रातिस्लाव्हाची चार तिकिटं आली. ती खरी निघाली! सगळ्यांच्या जिवात जीव आला. दीर म्हणाले, "वहिनी, उगाच माणसाला शिव्या घातल्या आपण." मला आता वाटतं, ती स्वस्तातली चार तिकिटं त्याने आम्हाला आणखी तीन दिवस गप्प ठेवण्यासाठी घेतली. त्याच विश्वासावर मी त्याला बुडापेस्टच्या सिटी टॅक्सच्या नावाखाली आणखी नऊ हजार पाठवले.

बुडापेस्टच्या गाडीत नोव्हे झाम्कीच्या अलीकडे स्लोव्हाक तपासनीस आला. माझं तिकीट स्कॅन केलं, हिरवा. मी हुश्श केलं. नवऱ्याचं केलं, तर तो यंत्राकडे बघत राहिला. हे तिकीट आत्ताच तपासलंय म्हणाला. टूरवाल्याने पाठवलेल्या चारही कागदांवर कोड एकच होता. एक खरं तिकीट घेऊन त्यावरचं नाव तीनदा बदललं होतं. मी चारही पीडीएफ एकाखाली एक धरले तेव्हा दिसलं, कोडखालचा आकडा चारही ठिकाणी तोच. सह्या पडताळणाऱ्या बाईंना चार सारखे आकडे दिसले नाहीत. तपासनीसाने तीन नवी तिकिटं दिली, आम्ही पैसे दिले.

त्यानंतर श्टुरोव्हो लागतं, तिथे डॅन्यूबच्या पलीकडे एस्टरगोमच्या बॅसिलिकाचा घुमट दिसतो, मग नदी उजव्या हाताला बराच वेळ गाडीबरोबर चालते, पलीकडे डोंगरावर व्हिशेग्राडचा किल्ला. या प्रवासातला सगळ्यात सुंदर तास. मला तो नंतर फोटोंमधून कळला, कारण नवरा मुकाट्याने फोटो काढत होता आणि आम्ही तिघं फोनला चिकटलो होतो. न्युगती स्टेशनवर उतरलो. आयफेलच्या कंपनीने बांधलेलं, १८७७ सालचं. त्या लोखंडी छपराखाली उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला मराठीत घाण शिवी दिली, फोनवर.

हॉटेलात पुढचा धक्का. बुकिंग होतं, नावं बरोबर होती, पण पैसे भरलेले नव्हते. हॉटेलवर पैसे द्या, तोवर फुकट रद्द करा, अशा प्रकारचं ते बुकिंग होतं. व्हिसाच्या फाइलला लावायला तेवढं पुरतं. प्राग आणि व्हिएन्नाची हॉटेलं त्याने भरली होती, म्हणून आम्ही बुडापेस्टची चौकशी केलीच नव्हती. खरं तर निघण्याआधी हॉटेलला एक ईमेल टाकायचा, पैसे मिळाले का, एवढंच. बुकिंग आहे का असं विचारलं तर ते आहे असंच म्हणणार.

परत आल्यावर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या मुलीने विचारलं, पैसे कधी पाठवले? म्हटलं, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ती क्षणभर गप्प झाली. त्या नंबरचा उपयोग पैसे गेल्यागेल्या, काही तासांत, खात्यातच गोठवायला होतो. पोलीस ठाण्यात आधी हा दिवाणी मामला आहे म्हणाले. चारशेवीस म्हणजे फसवणूक हे पटवायला तीन फेऱ्या झाल्या, आणि पटलं ते त्या एका कोडच्या चार तिकिटांमुळे. खोटा कागद टेबलावर ठेवला की गोष्ट बदलते, म्हणून सगळे पीडीएफ, चॅट, गाडीतल्या पावत्या मी जपल्या होत्या. पैसे आम्ही त्याच्या कंपनीच्या नव्हे, तर बायकोच्या खात्यावर यूपीआयने पाठवले होते. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला तर तो एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. हा शोध घ्यायला फुकट आणि अर्धा मिनिट.

सगळ्यात कमाल जुलैमध्ये झाली. रिटर्न भरताना मी सीएला म्हटलं, परदेश टूरवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, कापलाय, चार लाख ऐंशी हजारांवर चोवीस हजार, तो वळता करून घ्या. त्याने फॉर्म २६एएस उघडला, ज्यात आपल्या पॅनवर जमा झालेला कर दिसतो. काहीच नाही. आमच्या पॅनवर कुणी एक रुपया भरलेला नव्हता. मग आठवलं, त्याने पॅन मागितलाच नव्हता! पॅन न मागता टीसीएस घेणारा तो पैसा भरणार कुठे होता?

दिवाळीनंतर हप्त्याहप्त्याने पंचाहत्तर हजार परत आले. बाकीचं प्रकरण चालू आहे.

आता ते रिव्ह्यू. बुकिंगचे पैसे भरले त्याच दिवशी तो म्हणाला होता, काकू, आत्ताच चांगला रिव्ह्यू टाका, दोन हजार कमी करतो. मी टाकला. उत्तम नियोजन, घरच्यासारखी आपुलकी, पाच तारे. प्रवासाच्या तीन महिने आधी. परत आल्यावर बाकीच्यांचे रिव्ह्यू पुन्हा वाचले, तर गाडी, हॉटेल, जेवण, रस्ता यांतलं काहीच कुणी लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे उत्तम नियोजन आणि घरच्यासारखी आपुलकी.

माझा मी काढून टाकला, पण त्याचा स्क्रीनशॉट तो अजून वापरतो. मागच्या महिन्यात सांगलीहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. माझा नंबर त्यांना त्यानेच दिला होता, आमच्या जुन्या ग्राहक म्हणून. स्वित्झर्लंड-इटली रेल्वेने, सहा जण. विचारत होते, ताई, तुमचा अनुभव कसा होता, तेवढं सांगा. मी विचारलं, पास मिळाला का? म्हणाले, हो, पीडीएफ आलाय.

मी म्हटलं, कागद समोर घ्या, त्यावर इंटररेल लिहिलंय की युरेल, ते आधी वाचून दाखवा.