विश्रामबागेतील इंग्रजीचा वर्ग

सांगलीत विश्रामबाग परिसरात प्रौढांसाठी चालणाऱ्या एका संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाची मी मनापासून शिफारस करतो, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे तेथे 'टेक' हे एकच क्रियापद ज्या आस्थेने शिकवले गेले ते. 'घेणे' एवढाच अर्थ पाठ करून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांसमोर बाईंनी फळ्यावर चार मराठी वाक्ये लिहिली: औषध घेतले, फोटो काढला, परीक्षा दिली, वेळ लागला, आणि इंग्रजीत या चारही ठिकाणी 'टेक'च कसे येते, ते एकेक वाक्य बोलून दाखवले. व्युत्पत्तीचा भाग तर फारच सुरेख होता. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतील 'टाका' या क्रियापदापासून हा शब्द आला आणि त्याने 'निमन' हे मूळचे इंग्रजी क्रियापद हळूहळू मागे सारले. बधिर या अर्थाच्या 'नम' या शब्दात मात्र त्या जुन्या क्रियापदाचा अंश आजही टिकून आहे. छापील टिपणे अपुरी वाटली, कारण 'टुक' आणि 'टेकन' कोठे वापरावे याची पुरेशी उदाहरणे त्यांत नाहीत. तुकडी लहान असल्याने प्रत्येकाला बोलावेच लागते, त्यामुळे मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी येथे अवश्य नाव नोंदवावे.