दीवची जुन्या गाड्यांची रॅली: नॅव्हिगेटरच्या सीटवरून

आमची गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. क्रीम रंग, हँडल गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. माझे सासरे, आप्पा, अमळनेरच्या मार्केट यार्डात आडत दुकान चालवायचे, तेव्हा नंबर लावून, वाट बघून त्यांनी ती घेतली. आता आप्पांना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. गाडी हे चालवतात. मी शाळेत गणित शिकवते. धुळे-जळगावकडच्या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपने फेब्रुवारीच्या अखेरीस दीव बेटावरच्या रॅलीसाठी सहल काढली, तिला आम्ही तिघंही गेलो. आल्यापासून ग्रुपमधले आणि बाहेरचेही विचारताहेत, म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते.

आधी पैशाचं आणि दिवसांचं. एका गाडीमागे तिघांचे २२,००० रुपये घेतले. त्यात सुरतला दोन रात्री, दीवला दोन रात्री, बोटीचं जाऊन-येऊन भाडं, रॅलीची फी आणि सकाळचा नाश्ता. जेवण आणि पेट्रोल ज्याचं त्याने. अमळनेर ते अमळनेर आमचे जवळपास हजार किलोमीटर झाले आणि ८७ लिटर पेट्रोल लागलं. नवापूर ओलांडलं की पेट्रोल बरंच स्वस्त पडतं, त्यामुळे टाकी तिकडे भरा, असं आयोजकांनी आधीच कळवलं होतं. एवढ्या पैशात एवढं मिळालं, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘शनिवार-रविवारची सहल’ या शब्दांबद्दल. शुक्रवारी सकाळी निघालो ते मंगळवारी दुपारनंतर घरी. मला तीन किरकोळ रजा टाकाव्या लागल्या. नोकरदारांना हे पहिल्या मेसेजमध्येच सांगायला हवं.

आता जे मनापासून आवडलं ते. ताफ्यात अकरा गाड्या होत्या: चार पद्मिनी, तीन अँबेसिडर, दोन जीप, एक स्टँडर्ड हेराल्ड आणि एक डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्याही आधीची जुनी फियाट. आयोजकांनी सगळ्यात हळू चालणारी गाडी, म्हणजे ती डुक्कर फियाट, सगळ्यात पुढे ठेवली. तिच्यापुढे कुणी जायचं नाही. ताशी पन्नासच्या वर काटा न्यायचा नाही, दर साठ किलोमीटरला थांबायचं, बॉनेट उघडायचं, पाणी-ऑइल बघायचं. सगळ्यात मागे जीपमध्ये मिस्त्री. त्यांच्या पेटीत पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, इंजिनाच्या पेट्रोल पंपाचे डायफ्रॅम, होसपाइप आणि क्लिपा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमच्या बंद झाल्या, आणि तेव्हापासून एकेका पार्टसाठी आम्हाला चार-चार फोन करावे लागतात. त्या पेटीची किंमत म्हणूनच मला कळते. कुणालाही मागे टाकून ताफा पुढे गेला नाही, पाच दिवसांत एकदाही नाही.

धुळ्याहून साक्री, दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट. उतार पूर्ण दुसऱ्या गिअरवर काढला. दहिवेलला चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने बॉनेटवर हात ठेवून आप्पांना अहिराणीत विचारलं, “कथा चालनात?” आप्पा म्हणाले, “दीवले. बोटवर बसाडीसन.” त्या माणसाने आधी गाडीकडे पाहिलं, मग आप्पांकडे, आणि आम्हाला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. धुळ्यावरून जाणारा हा महामार्ग, पूर्वीचा ६ नंबर आणि आताचा ५३, सुरतजवळ हजिऱ्याच्या समुद्रकाठीच सुरू होतो. आप्पांनी आयुष्यभर या रस्त्यावरून कापसाचे ट्रक जाताना पाहिले, पण त्याचं हे टोक त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

हजिरा ते भावनगरजवळचं घोघा ही गाड्या नेणारी बोट २०२०च्या नोव्हेंबरपासून सुरू आहे. रस्त्याने भरूच, वडोदऱ्याकडून वळसा घालून गेलं तर साधारण ३७० किलोमीटर पडतात, समुद्रातून ९०. वेळ चार तासांच्या आसपास. जुन्या गाडीसाठी हा फरक फार मोठा आहे, कारण त्या वळशात ट्रकांच्या मधून ताशी पन्नासने चालणं गाडीलाही जड आणि माणसालाही. रॅम्पवर चढताना हे थोडे घाबरले होते. पद्मिनीच्या हँडब्रेकवर कुणी विसंबू नये. म्हणून आयोजकांनी प्रत्येक गाडीला दोन लाकडी ठोकळे करून आणायला सांगितले होते. बोटीवरच्या पोऱ्याने हाताच्या खुणांनी गाडी बरोबर दोन ट्रकांच्या मध्ये लावून घेतली, यांनी पहिला गिअर टाकून इंजिन बंद केलं, मी मागच्या चाकांना ठोकळे लावले. गाड्यांच्या मजल्यावर कुणी थांबायचं नसतं, वर बसायला जावं लागतं. आप्पा दोन पायऱ्या चढून पुन्हा खाली आले, दाराची कडी ओढून बघितली, मगच वर आले. वर घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं सोडलं. दशमी दोन दिवस मऊ राहते, प्रवासाला तिच्यासारखं काही नाही. ताफ्यातल्या इतर बायकांनीही डबे उघडले आणि चार तास कसे गेले ते कळलं नाही. खंभातच्या आखाताचा हा भाग म्हणजे देशातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी. घोघ्याला उतरताना गढूळ पाण्याचा वेग बघून ते पटलं. बोटीच्या वेळा निघण्याआधी पुन्हा एकदा विचारून घ्या.

घोघ्यापासून दीव पावणेदोनशेच्या पुढे. तळाजा, महुवा, राजुला, उना, मग घोघल्याचा पूल. अलंगजवळ रस्त्याकडेला मोडीत काढलेल्या जहाजांतलं सामान विकायला मांडलेलं असतं: खुर्च्या, कपाटं, पितळी दिवे, ताटल्या. दुकानांची ओळ संपतच नाही. जाताना थांबायला वेळ नव्हता. या पट्ट्यातच माझी दुसरी तक्रार आहे. महुवा ते उना बायकांसाठी धड स्वच्छतागृह सापडलं नाही. ताफ्यात आम्ही सात बायका होतो. एका पंपावर कुलूप होतं, दुसऱ्यावर पाणी नव्हतं. पाणी-ऑइलचे थांबे इतके काटेकोर आखणाऱ्यांनी हे थांबे आधी जाऊन बघायला हवे होते. मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं.

आता रॅलीबद्दल, कारण तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. रॅली म्हटली की लोकांना शर्यत वाटते. ही शर्यत नाही. याला टाइम-स्पीड-डिस्टन्स म्हणतात. प्रत्येक टप्प्याला ठरावीक वेग दिलेला असतो आणि त्या वेगाने जितका वेळ लागायला हवा बरोबर तितक्या वेळात पोचायचं. वाटेत न सांगितलेल्या ठिकाणी माणसं घड्याळ घेऊन बसलेली असतात. उशीर झाला तर गुण जातात, लवकर पोचलं तर इथे दुप्पट जात होते. म्हणजे चाळीस वर्षांची गाडी आणि चार वर्षांची गाडी सारख्याच. जिंकतो तो सातत्याने चालवणारा, आणि त्याच्या शेजारी बसून हिशेब सांगणारा, म्हणजे नॅव्हिगेटर.

हिशेब माझा. ताशी ३० म्हणजे मिनिटाला ५०० मीटर, किलोमीटरला दोन मिनिटं. ताशी ३६ म्हणजे मिनिटाला ६००, किलोमीटरला एक मिनिट चाळीस सेकंद. ताशी २४ म्हणजे ४००, किलोमीटरला अडीच मिनिटं. सातवीच्या पोरांना मी हीच उदाहरणं वर्षानुवर्षं फळ्यावर घातली, पण त्यांतली आगगाडी कधी माझ्या अंगाखाली हलली नव्हती. आणखी एक गोष्ट. सुरुवातीला आयोजकांनी मोजून आखलेल्या दहा किलोमीटरवर प्रत्येकाने आपलं मीटर तपासायचं होतं. आमच्या मीटरने साडेदहा दाखवले. कारण सरळ आहे: मूळ मापाचे टायर मिळेनात म्हणून जवळच्या मापाचे बसवले, ते किंचित लहान. लहान चाक तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं आणि मीटर फेरेच मोजतं. म्हणजे आमचं मीटर पाच टक्के जास्त बोलतं. रात्री खोलीवर बसून लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी नवं कोष्टक लिहिलं: मीटरवर १.०५ म्हणजे खरा १, मीटरवर २१ म्हणजे खरे २०, आणि प्रत्येकासमोर तिन्ही वेगांचे मिनिट-सेकंद. आप्पा चष्मा लावून शेजारी बसले आणि एकेक आकडा त्यांनी तोंडी पडताळला. आडतीचा हिशेब केलेला माणूस, दोन चुका काढल्या.

रविवारी सकाळी किल्ल्यापासून सुरुवात. पोर्तुगीजांनी १५३५ साली बांधायला घेतलेला हा किल्ला, आणि १९ डिसेंबर १९६१ला दीव त्यांच्याकडून सुटलं. तेवीस गाड्या होत्या, निम्म्याहून जास्त सौराष्ट्रातल्या. तिकडे संस्थानांच्या काळापासून मोटारींची आवड आहे, गोंडळचा राजघराण्याचा संग्रह तर प्रसिद्धच. आम्ही दबकून होतो, पण त्या लोकांनी पद्मिनीचं बॉनेट उघडून अर्धा तास कौतुक केलं.

पहिला टप्पा खुकरी स्मारकापर्यंत. ९ डिसेंबर १९७१ला आयएनएस खुकरी याच समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता तिच्याबरोबर गेले, अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिथे रॅलीचं घड्याळ थांबवलं होतं. एकेक गाडी आली, इंजिन बंद झालं, आणि शेवटी फक्त लाटांचा आवाज राहिला. आप्पा टोपी काढून उभे होते. आयोजकांनी या जागेला ताशी वेगात न बसवता थांबा दिला, याबद्दल त्यांचे आभार.

पुढे नागवा, मग वणाकबारा. वणाकबाऱ्याला मासळी वाळत घातलेली, होड्यांची कामं चालू, आणि अरुंद रस्त्यात बर्फाच्या लाद्यांचा ट्रॅक्टर आडवा. “अहो, चाळीस सेकंद मागे पडलो,” मी म्हटलं. यांनी लगेच गाडी पळवली, आणि मी हात आडवा केला, कारण पुढच्या वळणावर घड्याळवाला बसलेला असू शकतो. थोडं थोडं करून भरून काढलं. परतताना फुदमला घड्याळवाल्यांचा नाका लागला तेव्हा आम्ही फक्त तीन सेकंद चुकलो. तेवीस गाड्यांत सहावे आलो. पहिली भावनगरची अँबेसिडर.

मुक्कामाबद्दल मात्र समाधान नाही. दीवमधल्या आमच्या हॉटेलने ऐनवेळी आवारात गाड्या लावू दिल्या नाहीत, जुन्या गाड्यांचं तेल गळून फरशी खराब होईल म्हणाले. पुठ्ठे अंथरतो म्हटलं, ऐकलं नाही. गाड्या रात्रभर समुद्राकडच्या रस्त्यावर. सकाळी क्रोमच्या पट्टीवर बोट फिरवलं तर बोटाला मिठाची पांढरी भुकटी लागली. काचेवर, दाराच्या कड्यांवर, नंबरप्लेटच्या स्क्रूवर तोच थर. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुवायला हवं, नाहीतर क्रोमखाली गंज धरतो. हॉटेलने पाण्याची बादली द्यायलाही काचकूच केली. मी न्हाणीघरातून सहा खेपा घातल्या. पुढच्या वेळी आयोजकांनी सावलीत, झाकलेली जागा मिळाल्याशिवाय हॉटेल ठरवू नये. खोली साधी चालेल.

येताना अलंगला थांबलो, एक पितळी दिवा घेतला. दीवहून कुणी बाटल्या डिकीत टाकू नये, हे आयोजकांनी ठणकावून सांगितलं होतं. गुजरातेत दारूबंदी आहे, नाक्यावर डिक्या उघडून बघतात. आमचीही बघितली.

मंगळवारी भर दुपारी कोंडाईबारी चढताना आमची गाडी बंद पडली. इंजिनाच्या पेट्रोल पंपात वाफ धरली होती. मिस्त्री म्हणाले, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने उन्हात हे जास्त होतं. त्यांनी माझा रुमाल मागितला, भिजवून पंपावर गुंडाळला, वरून तांब्याभर पाणी सोडलं. दहा मिनिटं आम्ही कठड्याशी उभे राहिलो आणि दहाच्या दहा गाड्या घाटात कडेला थांबून राहिल्या. दुसऱ्या किल्लीला गाडी सुरू झाली. रुमाल तिथेच ठेवून धुळ्यापर्यंत आलो.

पाचपैकी चार देईन. एक गुण हॉटेलचा आणि स्वच्छतागृहांचा कापला. ज्यांची गाडी घरात झाकून ठेवलेली आहे त्यांनी आधी होसपाइप, डायफ्रॅम बदलून, दोनशे किलोमीटर चालवून मगच नाव द्यावं. ज्येष्ठांना आणायला हरकत नाही, थांबे भरपूर आहेत. पुढच्या फेब्रुवारीसाठी आमचं नाव दिलंय. हे म्हणत होते, तोवर मूळ मापाचे टायर शोधू. आप्पांनी नको सांगितलं, पाच टक्क्यांचं कोष्टक आता तयार आहे.