कोल्ट्रेनचा ‘बॅलड्स’: आवरून धरलेला सॅक्सोफोन

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन म्हटलं की सुरांचा धबधबा आठवतो. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात त्याने एकच ब्लूज पंधरा मिनिटांहून जास्त वेळ वाजवला होता. ‘बॅलड्स’ या अल्बममध्ये (इम्पल्स कंपनी, १९६३) मात्र आठ जुनी प्रेमगीतं मिळून जेमतेम ३२ मिनिटं होतात.

कोल्ट्रेन इथे चाल मोडत नाही. गायक शब्द जपतो तशी तो प्रत्येक ओळ जपतो. एखादा सूर किंचित उशिरा येतो, ओळीच्या शेवटी छोटी मुरकी येते आणि तो लगेच मूळ चालीवर परततो. तानेची तयारी असूनही गवय्याने भावगीत भावगीतासारखंच गावं, तसं हे आहे. त्याच्या टेनर सॅक्सोफोनचा आवाज मुळात कडक, वरच्या सुरांत धारदार. त्यामुळे गाणी गोड असूनही गुळमट होत नाहीत. ‘नॅन्सी’ आधी ऐका. तीन मिनिटांच्या गाण्यात हे सगळं सापडतं.

मॅकॉय टायनरचा पियानो दोन ओळींमधल्या जागा भरतो. एल्विन जोन्सचा ड्रम बहुतेक वेळ काठ्यांऐवजी तारांच्या मऊ ब्रशवर असतो, म्हणून आवाज फार कमी ठेवला तर तो ऐकूच येत नाही. ‘ऑल ऑर नथिंग ॲट ऑल’मध्ये त्याचा घुमता, लॅटिन वळणाचा ठेका पुढे येतो, आणि संथ गाण्यांच्या मधोमध हा बदल हवाच होता. बास जिमी गॅरिसनचा. फक्त ‘इट्स ईझी टू रिमेंबर’वर रेगी वर्कमन आहे, कारण ते गाणं डिसेंबर १९६१ चं, बाकीची सात सप्टेंबर आणि नोव्हेंबर १९६२ मधली.

ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरचं, न्यू जर्सीतल्या त्याच्या स्टुडिओतलं. स्टिरिओत सॅक्सोफोन डावीकडे आणि ड्रम उजवीकडे आहे, त्यामुळे एकाच कानात इअरफोन घातला तर अर्धा बँड हरवतो. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर बास विरतो. हेडफोन किंवा नीट अंतरावर मांडलेले दोन स्पीकर हवेत.

उणीव एकच: लय जवळपास सारखी असल्याने पार्श्वसंगीत म्हणून लावलं की गाणी एकमेकांत मिसळतात. चार-चार गाणी ऐकावीत. २००२ च्या डीलक्स आवृत्तीत यातल्या काही गाण्यांचे बरेच टेक, म्हणजे पुन्हापुन्हा केलेली ध्वनिमुद्रणं, आहेत. वाजवणाऱ्यांना ते फार उपयोगी, पण संध्याकाळी निवांत ऐकायला मूळ आठच पुरेत. नंतर जॉनी हार्टमनच्या गायनासोबतचा १९६३ चाच अल्बम लावा.