पाचावर दहा शून्यं आणि माझी अक्कल

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत चाटी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. तशा गर्दीत तो दुकानात आला. चाळिशीचा, गोड बोलणारा. चादरी आणि टॉवेल मिळून बिल झालं 14,600. त्यानं 4,000 रोख दिले आणि पाकिटातून प्लॅस्टिकच्या कव्हरातली एक नोट काढली.

"मालक, बाकीचे संध्याकाळी लॉजवरून आणून देतो. तोवर ही ठेवा. नाही आलो तर नोट तुमची."

नोट झिम्बाब्वेची, पन्नास बिलियन डॉलरची. पाचावर दहा शून्यं, म्हणजे पाच हजार कोटी! ती त्या देशातही चालत नाही हे त्यानंच सांगितलं. मग मोबाईलवर दाखवलं की त्याच देशाची जुनी नोट शौकीन लोक हजारो रुपयांना घेतात. ते खोटं नव्हतं. फक्त मोबाईलवरची नोट होती शंभर ट्रिलियनची, एकावर चौदा शून्यं, 2009 सालची. माझ्या हातातली वेगळी. शून्यं मोजायला गिऱ्हाइकांच्या गर्दीत वेळ कुणाला? आणि खरं सांगायचं तर तो परत न आला तर बरंच, असंही मनात येऊन गेलं.

तो आला नाहीच.

आठ दिवसांनी जुनी नाणी-नोटा विकणाऱ्या एका ओळखीच्याला ती दाखवली. हसला. म्हणाला, दोनशे रुपये देतो, तेही तुम्ही आहात म्हणून. मग त्यानं नोटेवरची बारीक इंग्रजी ओळ वाचून दाखवली: मुदत 31 डिसेंबर 2008. नोटेवरच एक्सपायरी! औषधाच्या बाटलीवर असते तशी. हे खरं तर 'ॲग्रो चेक', म्हणजे शेतकऱ्यांसाठी काढलेले, नोटेसारखे चालणारे चेक होते, म्हणाला. सरकार नोटा छापत सुटलं, भाव रोज चढत गेले, ऑगस्ट 2008 मध्ये चलनातली दहा शून्यं उडवली. म्हणजे माझे पाच हजार कोटी झाले पाच. पुढं फेब्रुवारी 2009 मध्ये आणखी बारा शून्यं गेली. 2015 साली तिथल्या बँकेनं जुन्या नोटा बदलून दिल्या, तेव्हा 250 ट्रिलियनला एक अमेरिकन डॉलर मिळत होता. ती खिडकीही त्याच वर्षी सप्टेंबरअखेर बंद झाली.

ओळखीच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, "नोट खोटी आहे का?" नाही. "घ्या म्हणून जबरदस्ती केली?" नाही. "मग त्या माणसाचं नाव, नंबर, काही?"

बिलावर मी 'पार्टी' एवढंच लिहिलं होतं.